पहिलं हेल्मेट ते पहिलं जॅकेट: दुचाकीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना यादी कशी वाढत जाते, पाहिलंय ना? क्रॅश गार्ड, सीट कव्हर, फूटमॅट, मोबाइल होल्डर, वर टेफ्लॉन कोटिंग. गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून आपण बाहेर पडतो तेव्हा गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून चार-पाच हजार सहज गेलेले असतात. चालवणाऱ्याच्या अंगात मात्र टी-शर्ट आणि पायात चप्पल.

आमच्या ऑफिसात नवी भरती झाली की पार्किंगमध्ये नव्या गाड्या दिसायला लागतात आणि पाठोपाठ तेच प्रश्न येतात. हेल्मेट कुठलं घेऊ? जॅकेट उन्हात झेपतं का? एवढे पैसे खरंच घालायचे का? त्यांना दिलेली उत्तरं इथे ओळीने लिहून ठेवतोय. लडाखला निघालेल्यांसाठी हे नाही. हडपसर ते हिंजवडी, डोंबिवली ते ठाणे, घर ते क्लास अशी रोज गाडी मारणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे खरेदीचा निकषही एकच ठेवलाय: जे रोज अंगावर चढेल तेच घ्यायचं. कपाटात टांगलेल्या पंधरा हजारांच्या जॅकेटने कुणाचं कोपर वाचत नाही.

१. आधी कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की चार वर्षांवरच्या प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालायचं, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही. पगडी घातलेल्या शीख व्यक्तींना सूट आहे. पट्टा नीट लावलेला असणं हीसुद्धा त्याच कलमातली अट, त्यामुळे डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या हिशेबातही धरत नाहीत. कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू झाली. पुण्यात हेल्मेटसक्तीवर वर्षानुवर्षं जी भांडणं झाली त्यात मी पडत नाही, पण केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालातला २०२२ सालचा आकडा सांगतो: त्या वर्षी देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. “मी काय, मागेच बसणार आहे” म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडा परत वाचावा.

एक गोष्ट शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार नव्या दुचाकीसोबत मानकात बसणारं हेल्मेट द्यावंच लागतं. मागून घ्या. मात्र ते तुमच्या मापाचं असेलच असं नाही. नसेल तर मापाचं बदलून मागा, नाहीतर ते घरात ज्याच्या डोक्याला बसेल त्याचं.

२. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- शिंप्याची मापाची टेप
- रोज लावत असाल तर चष्मा
- तोंडाला बांधता तो रुमाल किंवा स्कार्फ. केसही रोज बांधता तसेच
- मोबाइलमध्ये भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप
- मोकळा अर्धा तास. रविवारी संध्याकाळी दुकानदाराला तुमच्यासाठी वेळ नसतो

बजेट तोकडं असेल तर क्रम असा: हेल्मेट, ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. दर पगाराला एक वस्तू घेतली तरी दिवाळीपर्यंत संच पुरा होतो. हेल्मेट मात्र गाडीच्याच दिवशी, गाडीच्या आधी.

३. हेल्मेट: इथे घाई करू नका

*प्रकार.* तोंडासकट सगळं डोकं झाकणारं फुल फेस घ्या. जर्मन संशोधक डिटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे लागला याची मोजणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात सापडला. पुढून उघडं हेल्मेट तो भाग तसाच सोडतं. हनुवटी वर उचलता येणारं मॉड्युलर हेल्मेट चष्मेवाल्यांना सोयीचं असतं, थोडं जड असतं. चालवताना मात्र ते बंदच हवं. टाळूवर टोपीसारखं बसणारं अर्धं हेल्मेट, साइटवरचं पिवळं हेल्मेट, क्रिकेटचं हेल्मेट हे प्रकार फक्त चौकातल्या मामांसाठी असतात. त्यात स्वतःची समजूत घालू नका.

*खरं की खोटं.* १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं बेकायदा आहे. पुलाखाली चादर अंथरून बसलेल्याच्या तीनशे रुपयांच्या हेल्मेटवरही ते चिन्ह छापलेलं असतं, म्हणून नुसतं चिन्ह पाहून थांबू नका. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक हवा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, सगळं समोर येतं. हेल्मेटवर एका कंपनीचं नाव आणि ॲपमध्ये दुसऱ्याच कुणाचं असेल तर ते खाली ठेवा. उत्पादनाचा महिना आणि वर्षही छापलेलं असतं, तेही बघा; सवलतीत मिळणारं हेल्मेट बरेचदा दुकानात तीन वर्षं पडून असतं.

महागडंच घ्यायला हवं असं नाही. हजार-दीड हजारात चांगल्या कंपनीचं, मानकात बसणारं फुल फेस मिळतं. स्टड्स, स्टीलबर्ड ही नावं माहीत असतात. व्हेगा तर आपल्या बेळगावची. तीन ते पाच हजारांच्या पट्ट्यात हवा चांगली खेळते, आतलं कापड काढून धुता येतं, काच बरी असते. त्याच्या वर जे पैसे जातात ते हलकं वजन, कमी आवाज आणि ईसीई २२.०६ सारख्या युरोपीय मानकाचे. परदेशी मानक असलं तरी आपल्याकडे आयएसआय लागतंच.

*माप.* सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण दुकानात सैल हेल्मेट आरामशीर वाटतं. भुवयांच्या साधारण बोटभर वरून आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून टेप फिरवा. आलेला आकडा त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. एका कंपनीचं मध्यम हे दुसरीचं मोठं असू शकतं, तेव्हा “मला एल लागतं” हे वाक्य दुकानाबाहेर ठेवा.

आता घालून बघा. गाल इतके दाबले जायला हवेत की बोलताना आतून गाल दातांखाली यावेत. हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. त्याबरोबर कपाळाची कातडी फिरली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. पट्टा लावा, मागच्या कडेला बोटं घालून हेल्मेट वर आणि पुढे ढकला. डोक्यावरून निघालं तर एक माप लहान घ्या. मग ते तसंच घालून पंधरा-वीस मिनिटं दुकानात फिरा, दुसरी हेल्मेटं बघा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लालभडक वळ आणि ठणका असेल तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरं मॉडेल बघा. सगळीकडून सारखा दाब असेल तर तेच घ्या. आतला फोम महिन्याभराच्या वापराने थोडा बसतो.

बायका-मुलींसाठी दोन गोष्टी. वर बांधलेला अंबाडा किंवा क्लचर हेल्मेटला वर उचलून धरतो, वेणी किंवा मानेपाशी सैल बांधलेले केस ठीक. आणि सनकोटासोबत डोक्याला तीन वेढे देऊन बांधतो तो जाड स्कार्फ हेल्मेटच्या आत सरकतो. त्याजागी पातळ सुती बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं आणि तोंड झाकणारी टोपी वापरा. घाम शोषतो, केस गुंतत नाहीत, धुऊन रात्रीत वाळतो.

*पट्टा.* हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. खाचाखाचांची पट्टी सरकवायची ती बक्कल किंवा दोन कड्यांचं डी-रिंग उत्तम. साधं ‘क्लिक’ होणारं प्लॅस्टिकचं बक्कल असेल तर लावून जोरात ओढून बघा, आणि पुढेही दर महिन्याला ओढून बघा.

*काच.* पारदर्शकच घ्या. काळी काच दुपारी झकास दिसते आणि संध्याकाळी सातला रस्त्यावरचा खड्डा गिळून टाकते. दिवसाच्या उन्हासाठी आत सरकणारी गडद काच असलेली हेल्मेटं मिळतात.

४. हात

पडताना माणूस हात पुढे टाकतोच. ठरवून थांबवता येत नाही. म्हणून हेल्मेटनंतर लगेच ग्लोव्हज. हिरो दिसण्यासाठी बोटं उघडी असलेले किंवा उन्हाने हात काळे पडू नयेत म्हणून सिग्नलवर मिळणारे कापडी हातमोजे या कामाचे नाहीत.

तळहात उलटा करून बघा. मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला आणि अंगठ्याच्या बुडाशी कडक प्लॅस्टिकचा तुकडा हवा. डांबरावर हात टेकला की कातडं रुततं आणि सगळा झटका मनगटाच्या हाडात जातो. हा तुकडा हात घसरू देतो. मनगटाभोवती वेगळा पट्टा हवा. तो लावून बोटांची टोकं धरून ग्लोव्ह ओढा, निघायला नको. ब्रेक आणि क्लचची मूठ आवळून बघा. बोटांच्या पेरांत कापड गोळा होत असेल तर तासाभरात हात भरून येतो. आतल्या लेबलवर ईएन १३५९४ लिहिलेलं असेल तर ते दुचाकीच्या ग्लोव्हजचं युरोपीय मानक आहे. दीड ते तीन हजारात चांगली जोडी येते.

५. पाय

रायडिंग बूट रोज ऑफिसला कोण घालणार? ठीक आहे. पण घोटा झाकणारे, नाडीचे, जाड तळव्याचे चामडी बूट तरी घाला. कंपनीत सेफ्टी शूज मिळत असतील तर तेही चालतील. चप्पल, सँडल, क्रॉक्स पडल्याच्या पहिल्या क्षणी पायातून निघून जातात आणि मग गाडीचं वजन उघड्या घोट्यावर येतं. नाडीची टोकं बुटात खोचा. गियरच्या किंवा किकच्या दांड्यात अडकलेली नाडी सिग्नलवर पाय टेकू देत नाही आणि गाडी उभ्या-उभ्या कलंडते.

६. जॅकेट

जॅकेटची दोन कामं: कापडाने घासणं सोसायचं आणि आर्मरने आपटणं. दोन्ही वेगवेगळी तपासा.

आर्मर म्हणजे खांदे, कोपर आणि पाठीतले जाड पॅड. खिशातून बाहेर काढा. खांदे-कोपरांच्या पॅडवर ईएन १६२१-१ आणि पाठीच्या पॅडवर ईएन १६२१-२ कोरलेलं हवं, सोबत लेव्हल १ किंवा २. लेव्हल २ जास्त झटका शोषतं. पाठीचा पॅड इथे सगळ्यात लबाडीचा विषय आहे. पुष्कळ जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता मऊ फोम भरलेला असतो, गादीतला असतो तसला. बोटांनी दाबून तो अर्धा झाला आणि त्यावर काही कोरलेलं नसेल तर तो फक्त आकार देण्यासाठी आहे. चांगला पॅड वेगळा विकत मिळतो, त्या खिशात बसतो. पैसे तिथे घाला.

कापडासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे. त्याच्या श्रेण्या चढत्या क्रमाने ए, एए आणि एएए. रोजच्या शहरी वापराला ए पुरे, हायवे आणि घाट वारंवार होत असतील तर एए बघा. एएए बहुतेक वेळा चामड्याच्या ट्रॅक सूटला मिळतं. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर ते घालून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. आपल्याकडे जाळीचं, म्हणजे मेश जॅकेट घ्यावं. रायनॉक्स, व्हायाटेरा अशा भारतीय कंपन्या आपल्या हवामानाचा विचार करून अशी जॅकेटं बनवतात. साधारण सहा-सात हजारांपासून सुरुवात होते. गाडी चालू असताना मेशमधून वारा लागतो आणि बरं वाटतं. सिग्नलवर उकडतं, हे मी लपवत नाही.

माप दुकानातल्या आरशासमोर उभं राहून घेऊ नका. दुकानाबाहेर तुमचीच गाडी उभी असते, जॅकेट घालून तिच्यावर बसा, हात हँडलवर ठेवा. कोपराचा पॅड बरोबर कोपरावर आला का? तो हाताने फिरवून बघा. फिरून आतल्या बाजूला जात असेल तर पडतानाही जाणार. बाहीवरचे पट्टे आवळून प्रश्न सुटला तर ठीक, नाहीतर एक माप खाली.

रंगाचं एक वाक्य: काळं जॅकेट मळत नाही, पण रात्री ट्रकवाल्याला दिसतही नाही. पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं घ्या.

७. गुडघे

जीन्सवर बांधायचे गुडघ्याचे गार्ड हजार-दीड हजारात मिळतात, ऑफिसला पोहोचल्यावर काढून डिकीत टाकता येतात. रायडिंग पँट पुढे कधीतरी. फक्त लेगिंग, ट्रॅक पँट असले पॉलिस्टरचे कपडे घालून लांब जाऊ नका. डांबरावर घासताना ते वितळतात आणि जखमेत चिकटतात. साधी जीन्सही क्षणात फाटते, पण निदान वितळत नाही.

८. पाऊस आणि ऊन

पावसाळ्यात पहिली अडचण काचेवर आतून धरणाऱ्या वाफेची. ताम्हिणीत किंवा आंबोलीत धुकं बाहेर आणि वाफ आत, असं दोन्हीकडून अंधारतं. पिनलॉकची पारदर्शक पट्टी काचेच्या आत बसवणं हा पक्का उपाय आहे, मात्र त्यासाठी काचेला दोन छोट्या खुंट्या लागतात. हेल्मेट घेतानाच विचारा. नसतील तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून चोळायचा आणि सुक्या मऊ कापडाने पुसायचा. दोन-तीन दिवस निभावतं.

रेनकोट दोन भागांचा, शर्ट-पँटसारखा घ्या आणि जॅकेटवर चढेल इतका मोठा. डोक्यातून घालायचा पोंचो वाऱ्याने फुगतो, आरसे झाकतो, त्याची टोकं मागच्या चाकात जाऊ शकतात. गमबूट पाणी अडवतात, पण त्यांतून पायाला ब्रेकचं पेडल जाणवत नाही. त्यापेक्षा आपल्या बुटांवरून चढवायची रबरी कव्हरं बरी.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात जॅकेटच्या आतला सुती टी-शर्ट निघण्याआधी ओला करून पिळून घाला. मेशमधून वारा लागला की अर्धा तास चांगला गारवा राहतो. पाणी पीत राहा.

९. मागे बसणारी माणसं

आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित सुरक्षा साहित्य म्हणजे साडी गार्ड. स्पोर्ट्स बाइक घेतली की पोरं पहिल्या आठवड्यात तो काढून टाकतात, गाडी “क्लीन” दिसावी म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या बाजूला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं आवरण असायला हवं. आई किंवा आजी मागे बसणार असेल तर त्याला हात लावू नका. बसण्याआधी पदर कमरेला खोचायचा, ओढणी दोन्ही टोकांनी गाठ मारून पुढे घ्यायची. चेनमध्ये ओढणी गेली तर गळ्याला फास बसायला वेळ लागत नाही. आणि मागच्या व्यक्तीसाठी दुसरं हेल्मेट तिच्याच मापाचं घ्या, तुमचं जुनं नको.

लहान मुलांबद्दल वेगळा नियम आहे, तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा हार्नेस लागतो, आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या पुढे न्यायची नाही. हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात घालायचं जाकीट, त्याचे पट्टे आपल्या खांद्यांवरून येतात. स्कूटरवर पुढे, पायांपाशी उभं केलेलं मूल यात कुठेच बसत नाही.

१०. सांभाळणं, पडणं, बदलणं

हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर हीच खरी कामाची वस्तू. तो एकदाच चिरडला जाऊन झटका पितो. त्यामुळे हेल्मेट आरशावर अडकवू नका, आरशाचं टोक आतून त्या थराला खळगा पाडतं. पेट्रोल, थिनर, स्प्रे रंग यांपासून लांब ठेवा. गालाचे पॅड निघत असतील तर बेबी शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

अपघात झाला तर १०८ वर फोन करा. पडलेल्या माणसाचा श्वास नीट चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेच्या मणक्याला इजा असू शकते. काच उघडा, पट्टा सैल करा, ॲम्ब्युलन्सची माणसं येऊ द्या. काही हेल्मेटांत गालाच्या पॅडला लाल फिती असतात. त्या ओढल्या की पॅड बाहेर येतात आणि हेल्मेट अलगद निघतं. ते काम त्या माणसांचं.

डोकं आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसत असलं तरी परत वापरायचं नाही. न आपटलेलंही रोजच्या वापरात पाचेक वर्षांनी बदलावं. जुनं हेल्मेट वॉचमनला किंवा भावाला देऊ नका. भंगारात टाकण्याआधी पट्टा कात्रीने कापून टाका, म्हणजे ते पुसून-बिसून परत पुलाखालच्या चादरीवर विकायला येणार नाही.